शेल गॅस : आकडा आधी, विहीर नंतर

गेल्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी 'नव्या प्रदेशात शेल गॅसचा शोध' हा विषय घेतला. सेमिनारची पहिली स्लाइड सगळ्यात सोपी, असा आपला समज असतो. भारतात शेल गॅस किती? एक आकडा लिहायचा, खाली रिगचा एक फोटो चिकटवायचा, झालं काम. पण आकडा शोधायला बसलो तर एक नाही, दोन निघाले. ईआयए या अमेरिकी सरकारच्या ऊर्जाविषयक आकडेवारी ठेवणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या अहवालात भारतात तंत्रदृष्ट्या काढता येण्याजोगा शेल गॅस ९६ ट्रिलियन घनफूट. आणि यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेचंच भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं, त्यांचा २०१२ चा अंदाज आपल्या तीन खोऱ्यांसाठी ६.१ ट्रिलियन घनफूट. एकाच देशाच्या दोन सरकारी संस्था, एका वर्षाच्या अंतरानं, आणि फरक जवळपास पंधरा पट!

ईआयएनं दामोदर खोरंही धरलंय, ते वजा केलं तरी फार फरक पडत नाही, कारण त्यांच्या हिशोबात दामोदरचा वाटा जेमतेम ५ आहे. उरलेले ९१ तर खंबात, कृष्णा-गोदावरी आणि कावेरी या तीन खोऱ्यांचेच, आणि यूएसजीएसनं नेमकी तीच खोरी तपासली होती.

ट्रिलियन, घनफूट असं वाचलं की आपलं डोकं आपोआप बंद होतं, म्हणून हे जरा घरच्या मापात आणू. एक ट्रिलियन घनफूट म्हणजे सुमारे २८.३ अब्ज घनमीटर. आपला देश वर्षाला अंदाजे ७० अब्ज घनमीटर नैसर्गिक वायू वापरतो आणि त्यातला जवळपास निम्मा एलएनजीच्या रूपात जहाजानं बाहेरून येतो. आता भागाकार करा. पहिला आकडा खरा असेल तर देशाला सुमारे ३९ वर्षं पुरेल एवढा गॅस पायाखाली आहे. दुसरा खरा असेल तर अडीच वर्षं. ३९ वर्षांसाठी तुम्ही पाइपलाइनचं जाळं विणाल, खतांचे कारखाने काढाल, आमच्यासारख्यांना नोकऱ्याही द्याल. अडीच वर्षांसाठी कोण कशाला रिग हलवेल?

आणि गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नाहीत. हे कसं, तेच या लेखात सांगायचंय.

आधी शेल म्हणजे काय ते थोडक्यात, कारण हा अंक मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाले मित्रही वाचतात. शेल म्हणजे अतिशय बारीक गाळाचा, पापुद्रे सुटणारा खडक. समुद्राच्या किंवा तळ्याच्या संथ तळाशी गाळ बसतो, त्याबरोबर मेलेले सूक्ष्म जीव, शेवाळ, झाडपाला गाडला जातो. वरून थरावर थर चढतात, खोलीबरोबर उष्णता वाढते आणि लाखो-करोडो वर्षांत त्या सेंद्रिय मालाचं आधी तेल, आणखी तापल्यावर गॅस होतो. त्यातला काही भाग हळूहळू निसटून वरच्या वाळूच्या खडकात जाऊन साठतो. मुंबई हाय म्हणा, अंकलेश्वर म्हणा, आपण आजवर काढलं ते हे असं निसटलेलं आणि सापळ्यात अडकलेलं तेल. जे निसटलंच नाही, शेलमध्येच राहिलं, ते शेल ऑइल आणि शेल गॅस.

ते राहिलं कारण शेलमधून काहीही वाहत नाही. चांगल्या वाळूच्या खडकाची पारगम्यता मिलिडार्सीत मोजतात, शेलची नॅनोडार्सीत. मिलीनंतर मायक्रो, मग नॅनो, म्हणजे दहा लाख पटींचा मामला. म्हणून विहीर खाली गेल्यावर आडवी वळवायची आणि पाणी, वाळू, थोडी रसायनं प्रचंड दाबानं आत सोडून खडकाला भेगा पाडायच्या. टेक्ससमधल्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीनं पहिली विहीर १९८१ मध्ये घेतली आणि परवडेल असा गॅस निघू लागला तो १९९७-९८ च्या सुमारास. तोही अशा भागात, जिथे आधीच हजारो विहिरी होत्या आणि पाइपलाइन दाराशी होती. ही सतरा वर्षं लक्षात ठेवा.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. बातम्यांतला सगळा गोंधळ इथेच होतो. साध्या तेलक्षेत्रात मुख्य प्रश्न असतो 'आहे का?' सापळा चुकला तर विहीर कोरडी, आणि तुम्ही सामान बांधून परत. शेलचा थर मात्र शेकडो चौरस किलोमीटर सलग पसरलेला असतो. योग्य तापलेल्या, सेंद्रिय माल असलेल्या शेलमध्ये कुठेही भोक पाडा, थोडाफार गॅस निघतोच. त्यामुळे 'शेलमध्ये गॅस सापडला' ही बातमी म्हणजे 'उसात रस सापडला' असं म्हणण्यासारखं आहे. प्रश्न असतो तो 'किती वेगानं येतो, आणि किती महिने टिकतो?' हा. आणि त्याचं उत्तर नकाशावरून मिळत नाही.

आता आकडा बनतो कसा ते पाहू. वही-पेन घ्या, अकरावीच्या गणिताच्या पुढचं काही नाही. समजा एका नव्या खोऱ्यात १०० चौरस किलोमीटरचा तुकडा घेतला. शेलची जाडी ५० मीटर. म्हणजे खडकाचं आकारमान ५ अब्ज घनमीटर. घनता २.५, म्हणजे वजन १२.५ अब्ज टन. एका टन खडकात २ घनमीटर गॅस आहे असं धरलं तर जागेवरचा गॅस २५ अब्ज घनमीटर. त्यातला २० टक्के काढता येईल असं मानलं तर हाती ५ अब्ज घनमीटर. आकडा तयार.

आता प्रत्येक पायरीवर जरा हात आखडता घ्या. जाडी ५० नाही, कामाची फक्त ३०. गॅस टनाला १.२ घनमीटर. निघेल १० टक्के. उत्तर येतं ०.९ अब्ज. उलट सढळ हातानं करा : जाडी ८०, गॅस ३, वसुली २५ टक्के. उत्तर १५ अब्ज. बघा, एकही गृहीतक वेडगळ नाही. सगळी कुठल्या ना कुठल्या खऱ्या शेलमध्ये सापडतील अशीच आहेत. तरी दोन टोकांत सोळा-सतरा पटींचा फरक पडला. गुणाकारात चुका बेरजेसारख्या वागत नाहीत, त्या एकमेकींना गुणतात.

ईआयएची पद्धत ढोबळमानानं वरच्यासारखी आहे, त्यात जोखमीचा गुणक लावून आकडा खाली आणतात. यूएसजीएस दुसऱ्या बाजूनं येते. एक विहीर आयुष्यभरात किती गॅस देईल, एक विहीर किती क्षेत्र रिकामं करेल, आणि त्या क्षेत्रापैकी किती टक्के विहिरी यशस्वी होतील, यांचा हिशोब. जिथे एकही शेल विहीर झालेली नाही तिथे हे आकडे अमेरिकेतल्या त्यातल्या त्यात मिळत्याजुळत्या शेलवरून उसने घ्यावे लागतात. म्हणजे दोन्हीकडे उसनवारी आहेच, फक्त उसनं कुठल्या पायरीवर आणलं एवढाच फरक. आमच्याकडे गावात बोअर मारण्याआधी पाणाड्या नारळ घेऊन शेतात फिरतो, तसला हा प्रकार नाही, यामागे शास्त्र आहे. पण शास्त्राला खाद्य म्हणून मोजमाप लागतं, आणि नव्या प्रदेशात नेमकं तेच नसतं.

या उसनवारीची सगळ्यात महागडी परीक्षा पोलंडमध्ये झाली. रशियाच्या गॅसवर अवलंबून असलेला देश, जमिनीखाली बाल्टिकपासून लुब्लिनपर्यंत पसरलेले ऑर्डोव्हिशियन-सिल्युरियन काळातले शेल. २०११ मध्ये ईआयएचा अंदाज आला : १८७ ट्रिलियन घनफूट. शंभराच्या वर परवाने वाटले गेले, मोठमोठ्या कंपन्या रांगेत. मार्च २०१२ मध्ये पोलंडच्या भूवैज्ञानिक संस्थेनं १९५० ते १९९० दरम्यानच्या ३९ जुन्या विहिरींची माहिती घेऊन नवा हिशोब मांडला. शक्यतो ३४६ ते ७६८ अब्ज घनमीटर, म्हणजे साधारण १२ ते २७ ट्रिलियन घनफूट. मग विहिरी झाल्या, सत्तरएक. गॅस? सापडला! पण धंदा व्हावा एवढा वाहिला नाही. थर खोल, चिकणमातीचं प्रमाण जास्त. क्वार्ट्‌झ भरपूर असलेला खडक काचेसारखा तडकतो, चिकणमातीचा खडक दाब गिळतो आणि पाडलेली भेग पुन्हा मिटवतो. एक्सॉनमोबिल २०१२ मध्येच दोन विहिरींनंतर बाहेर पडली, शेव्हरॉन आणि कोनोकोफिलिप्स २०१५ मध्ये. माझ्या मते पोलंड 'फसला' म्हणणं अन्यायाचं आहे. जो प्रश्न फक्त विहिरीच सोडवू शकतात तो त्यांनी विहिरी घेऊन सोडवला. फसले ते आधीच्या आकड्यावर राजकारण करणारे.

आता आपल्या घरी येऊ. राणीगंजचा कोळसा १७७४ पासून काढला जातोय. दामोदर खोऱ्यातल्या गोंडवन खडकांत कोळसा असलेले दोन मुख्य गट आहेत, खालचा बराकर आणि वरचा राणीगंज. या दोहोंच्या मधे शेलचा एक जाड गट आहे. कोळसा नाही म्हणून जुन्या भूवैज्ञानिकांनी त्याला नाव दिलं 'बॅरन मेझर्स', म्हणजे सरळ मराठीत वांझ थर. दोनशे वर्षं खाणवाले या थराकडे मधली अडगळ म्हणूनच बघत आले. त्याच थरातून २५ जानेवारी २०११ रोजी दुर्गापूरजवळ इच्छापूर इथे ओएनजीसीच्या आरएनएसजी-१ या विहिरीत सुमारे १७०० मीटर खोलीवरून गॅस आला! भारतातला हा पहिला शेल गॅस. संशोधनासाठी ठरवलेल्या चार विहिरींपैकी ही पहिली, दोन राणीगंजमध्ये आणि दोन झारखंडमधल्या उत्तर करणपुऱ्यात. वर्तमानपत्रांनी साहजिकच 'सापडला' हे मोठ्या टायपात छापलं. पण उसाचं उदाहरण आठवा.

अशा पहिल्या विहिरीचं खरं फळ म्हणजे कोअर, विहिरीतून अखंड काढलेला खडकाचा दंडगोल. टीओसी, म्हणजे सेंद्रिय कार्बन किती टक्के, ते त्यावरून कळतं. साधारण २ टक्क्यांच्या वर असेल तर पुढे बोलायचं. किती तापलंय ते व्हिट्रिनाइट या कोळशासारख्या कणाच्या चकाकीवरून मोजतात. ०.६ ते १.१ च्या आसपास तेल, १.३ च्या पुढे कोरडा गॅस, फारच पुढे गेलं तर करपलेलं. केरोजेनचा प्रकार कळतो. दामोदरसारख्या, झाडपाल्याचा वाटा मोठा असलेल्या खडकात तो बहुतांशी तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे तेल कमी, गॅस जास्त.

पण मला सगळ्यात जास्त मजा वाटली ती 'टनाला किती घनमीटर' हे मोजण्याच्या पद्धतीची. वरच्या गणितात आपण तो २ किती सहज लिहून टाकला! प्रत्यक्षात काय होतं बघा. १७०० मीटरवर खडकावर प्रचंड दाब असतो. कोअर वर ओढायला लागलात की दाब उतरतो आणि गॅस वाटेतच निसटायला लागतो, सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखा. वर आल्याबरोबर कोअरचे तुकडे हवाबंद डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये भरतात, डबा थरातल्या तापमानाएवढा गरम ठेवतात आणि निघणारा गॅस दिवसेंदिवस मोजतात. शेवटी तुकडा दळून उरलासुरला गॅसही मोजतात. हे दोन भाग प्रत्यक्ष मोजलेले. तिसरा भाग वाटेत गेलेला, त्याला 'लॉस्ट गॅस' म्हणतात. तो मोजता येत नाही, काढावा लागतो. सुरुवातीला निसटलेला गॅस वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून डब्यातल्या पहिल्या काही तासांचे बिंदू आलेखावर मांडायचे, सरळ रेषा काढायची आणि ती मागे शून्य वेळेपर्यंत वाढवायची. शून्य वेळ कुठली? चिखल भरलेल्या विहिरीत कोअर निम्म्या उंचीवर आला तो क्षण, असा संकेत आहे. संकेत!

ही पद्धत कोळशाच्या उथळ थरांसाठी बसवली गेली. कोळशात बराचसा गॅस पृष्ठभागाला चिकटलेला असतो, तो सावकाश सुटतो. शेलमध्ये मोकळा गॅसही बराच, तो आधी पळतो, शिवाय खोलीमुळे कोअर वर यायला वेळ जास्त. मग मागे वाढवलेली रेषा इतकी लांब होते की काढलेला आकडा मोजलेल्यापेक्षा मोठा होऊ शकतो. म्हणजे शेकडो अब्ज घनमीटरच्या राष्ट्रीय अंदाजाच्या मुळाशी, रात्रपाळीत रिगवरच्या कोणा टेक्निशियननं डबा किती मिनिटांत बंद केला, ही गोष्ट असते. दाब न घालवता कोअर आणणारी उपकरणं आहेत, पण महाग. नव्या खोऱ्यात खर्च वाचवायचा तर कुठेही वाचवा, इथे वाचवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दामोदरसारख्याच गोंडवन कुळातलं दक्षिण आफ्रिकेचं कारू खोरं. तिथे ईआयएचा २०१३ चा अंदाज ३९० ट्रिलियन घनफूट. पण कारूत ज्युरासिक काळात लाव्हारस थरांमध्ये घुसून डोलेराइटच्या आडव्या-उभ्या भिंती झाल्या. त्यांच्या आसपासचा शेल करपला आणि गॅस केव्हाच उडून गेला. संशोधनासाठी तिथे खोल बोअर घेतल्यावर २०१७ मध्ये तिथल्या भूवैज्ञानिकांनी मांडलेला अंदाज १३ च्या आसपास. राणीगंज-झरियाच्या खाणीतही असे घुसलेले दगड आणि त्यांनी जाळलेला कोळसा दिसतो. त्यामुळे हा मुद्दा आपल्याला परका नाही.

लाव्हारस म्हटल्यावर साहजिकच प्रश्न येतो, मग महाराष्ट्राचं काय? आपल्या बसाल्टखाली काय आहे? देशातला हा सर्वांत कमी तपासलेल्या भागांपैकी एक, आणि कारण तांत्रिक आहे. बसाल्टच्या थरांत भूकंपीय लहरी इतक्या विखुरतात की खालचं चित्र धूसर होतं. नर्मदा-तापी पट्ट्यात खाली मेसोझोइक काळातला जाड गाळ असल्याचं सर्वेक्षणं सुचवतात. पण भूकंपाच्या अभ्यासासाठी जे बोअर झाले ते काय सांगतात? किल्लारीला ३३८ मीटर बसाल्ट, मग जेमतेम ८ मीटर गाळाचा खडक, आणि खाली थेट पायाचा प्राचीन खडक. कोयनेला नऊशेहून जास्त मीटर बसाल्ट आणि त्याखाली लगेच ग्रॅनाइट-नाइस, शेलबिल काही नाही. म्हणजे कोयना-किल्लारीकडच्या मंडळींनी स्वप्नं बघू नयेत. तापीच्या बाजूचा प्रश्न खुला आहे.

उलट बाजूचं उदाहरणही द्यायला हवं. अर्जेंटिनाच्या नेउकेन खोऱ्यातला वाका मुएर्ता शेल आज त्या देशाच्या निम्म्याहून जास्त तेलाचा धनी आहे. पण त्या खोऱ्यात तेल सापडलं १९१८ मध्ये, आणि शेलला नाव मिळालं १९३१ मध्ये. त्या शेलमधून आरपार जाऊन खालच्या-वरच्या थरांतलं तेल काढणाऱ्या असंख्य विहिरी आधीच होत्या. शेलच्या दृष्टीनं प्रदेश नवा, माहितीच्या दृष्टीनं जुना. आपल्याकडे या वर्णनाला जवळचं खोरं म्हणजे गुजरातचं खंबात. १९५८ मध्ये तिथे तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वर, आणि या सगळ्या तेलाचा उगम ज्या काळ्या शेलमध्ये मानतात त्यातून पार गेलेल्या जुन्या विहिरींचे लॉग कपाटात आहेत. २०१३ च्या धोरणानं ओएनजीसी आणि ऑइल इंडियाला आपापल्या जुन्या ब्लॉकमध्ये शेल शोधायला परवानगी दिली, २०१८ मध्ये ती इतरांनाही खुली झाली. विहिरी झाल्या, कोअर निघाले. व्यापारी उत्पादन मात्र अजून नाही.

एक हिशोब राहिला, पाण्याचा. अनेक टप्प्यांत भेगा पाडलेल्या एका आडव्या विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी लागतं. आपल्या मराठवाड्याच्या भाषेत दहा हजार लिटरचे दीड ते दोन हजार टँकर. एका विहिरीला! आणि शेल विहिरीचा प्रवाह पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतो, म्हणजे उत्पादन टिकवायला नव्या विहिरी खणतच राहावं लागतं. टेक्ससच्या माळावर हे जमतं. दामोदरच्या काठी, जिथे खाणी, भातशेती, पोलाद कारखाने आणि माणसं एकमेकांना खेटून आहेत, तिथे हे पाणी कुणाच्या वाट्याचं, हे आधी ठरवावं लागेल. वापरून परत आलेलं खारट पाणी कुठे टाकायचं हेही.

तरी दामोदरच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या मते जमेची आहे. राणीगंज भागात कोळशाच्या थरांतला मिथेन २००७ पासून व्यापारी पातळीवर निघतोय. विहिरी आहेत, पाइपलाइन आहे, दुर्गापूरचं गिऱ्हाईक दाराशी आहे. त्यातल्या कित्येक विहिरी ज्या कोळशातून गॅस काढतात त्याच्या खालीच बॅरन मेझर्स येतो. तिथे पुढची विहीर घेताना रस्ता, जमीन, पाइप यांचा खर्च नव्यानं नाही. त्या विहिरीनं गॅस 'सापडून' दाखवायची गरज नाही, ते २०११ मध्येच झालं. तिनं भेगा पाडल्यावर सहा महिने रोजचा प्रवाह मोजून दाखवायचाय, आणि तो आकडा छापायचाय, कमी आला तरी.